इस्रोमध्ये शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट: जावं का, आणि जाऊन नेमकं काय शिकायचं?

तुझा प्रश्न मला कळला तो असा. सांगलीजवळच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहेस. इस्रोच्या अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये जानेवारीपासून प्रोजेक्ट ट्रेनी म्हणून घेत असल्याचा मेल आलाय. स्टायपेंड नाही, राहण्या-खाण्याचं आपलं आपण बघायचं. दुसरीकडे पुण्यातल्या एका कंपनीची पगारी इंटर्नशिप हातात आहे आणि काम आवडलं तर तिथेच नोकरी. बाबा म्हणतात कंपनी घे. सीनियर म्हणतात, तिकडे उपग्रहाला कुणी बोट लावू देत नाही, चार महिने मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरवर बसवतात. आणि तुझ्या मनात आहे की एकदा आत पाय टाकला की पुढे इस्रोची नोकरी सोपी होईल.

याच केंद्रात उपग्रहांच्या पेलोडच्या, म्हणजे उपग्रहाचं मुख्य काम करणाऱ्या यंत्रांच्या, चाचण्या करण्यात माझी बहुतेक नोकरी गेली, आणि दर जानेवारीला येणाऱ्या मुलामुलींची गाइड म्हणूनही काम केलं. आता निवृत्त आहे. तुला सरळ 'तू' म्हणतेय, कारण माझ्याकडे येणारी सगळी तुझ्याच वयाची असायची.

आधी नोकरीचं बोलू, कारण बाकीचा हिशोब त्याच्यावर उभा आहे. ट्रेनी असण्याचा इस्रोच्या भरतीशी काहीही संबंध नाही. सायंटिस्ट/इंजिनिअर 'एससी' या पदाची भरती केंद्रीय भरती मंडळ, म्हणजे आयसीआरबी करतं. जाहिरात निघते, बी.ई.ला ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए लागतो, लेखी परीक्षा होते, त्यातून मुलाखतीला बोलावतात. तू चार महिने आत होतीस म्हणून एकही गुण वाढत नाही. मुलाखतीत प्रोजेक्टवर प्रश्न येतात हे खरं, आणि नीट काम केलेलं असेल तर तिथे बोलायला ठोस काही असतं. पण ते कुठल्याही चांगल्या प्रोजेक्टबद्दल म्हणता येईल. तेव्हा 'दार उघडेल' हे कारण यादीतून काढून टाक. ते काढूनही जावंसं वाटतंय का, हा खरा प्रश्न.

आता पैशाचं. याचं उत्तर मी बाहेरून देऊ शकत नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता लगेच सुरू होणार असेल, धाकट्या भावंडाची फी तोंडावर असेल, तर कंपनी घे आणि मनाला लावून घेऊ नकोस. तुझे बाबा जे म्हणतायत त्याला अर्थ आहे. चार-पाच महिने अहमदाबादला खोली, मेस, रिक्षा, येण्या-जाण्याचं तिकीट, वर कंपनीचा पगार बुडाला तो वेगळा. घरात हा खर्च झेपत असेल तरच पुढचं वाच.

सीनियरचं म्हणणं अर्धं खरं आहे. उपग्रहावर जाणाऱ्या यंत्राला, ज्याला आम्ही फ्लाइट मॉडेल म्हणतो, ट्रेनीला हात लावू देत नाहीत, आणि देऊही नये. ते क्लीन रूममध्ये असतं. एक लाख वर्गाची क्लीन रूम म्हणजे एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण एक लाखाच्या वर नकोत. आत जाताना टोपी, मास्क, अंगभर कोट, स्थिर वीज जमिनीत सोडणारे बूट. पेन्सिलसुद्धा नेता येत नाही, कारण तिच्यातल्या ग्रॅफाइटची भुकटी वीज वाहते. माणसाच्या त्वचेचे कण सतत गळत असतात, त्यामुळे त्या खोलीतला सर्वात घाणेरडा पदार्थ म्हणजे आपणच. तू बहुधा काचेपलीकडून बघशील. पण फ्लाइट मॉडेलच्या आधी ब्रेडबोर्ड, म्हणजे टेबलावर जुळवलेलं कच्चं सर्किट, असतो, चाचण्यांसाठीचं इंजिनिअरिंग मॉडेल असतं, एकेका सुट्या भागाचे नमुने असतात, आणि ट्रेनीला खरं काम मिळतं ते तिथे. मॅटलॅबवर बसवतात हेही होतं. ते वाईटच असं नाही, पण समोर प्रश्न काय ठेवलाय यावर सगळं ठरतं. त्याकडे नंतर येते.

मग तिथे जाऊन मिळतं काय? माझ्या मते एकच गोष्ट मिळते, पण ती बाहेर सहज मिळत नाही. जी वस्तू एकदा वर गेली की स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिच्यापर्यंत कुणी पोचू शकणार नाही, ती चालेल हे आधी सिद्ध कसं करायचं, याची सवय. तुझ्याच विषयातलं उदाहरण देते.

दळणवळण उपग्रहात प्रत्येक चॅनलला फिल्टर असतो, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच पुढे सोडणारा. केयू बँड नावाच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात, समज १२ गिगाहर्ट्झला, हा फिल्टर म्हणजे धातूच्या पोकळ्यांची रांग. पोकळीच्या मापावर तिची फ्रिक्वेन्सी ठरते. माप वाढलं की फ्रिक्वेन्सी उतरते. ॲल्युमिनियम एक अंश सेल्सियसला दहा लाखात सुमारे २३ भाग इतकं प्रसरण पावतं. म्हणजे १२ गिगाहर्ट्झचा फिल्टर दर अंशाला सुमारे पावणेतीनशे किलोहर्ट्झ सरकतो. तापमानात ५० अंशांचा फरक पडला तर जवळजवळ १४ मेगाहर्ट्झ. चॅनलची रुंदी साधारण ३६ मेगाहर्ट्झ असते. म्हणजे टेबलावर उत्तम चाललेला फिल्टर वर गेल्यावर शेजारच्या चॅनलमध्ये डोकावणार.

यावर जुना उपाय इन्व्हारचा. लोखंडात ३६ टक्के निकेल घातलेला हा मिश्रधातू ॲल्युमिनियमच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतकाच प्रसरण पावतो. मग सगळेच फिल्टर इन्व्हारचे का नाहीत? कारण तो ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड, आणि उष्णता फार वाईट वाहून नेतो. जिथे पॉवर जास्त आहे तिथे फिल्टर आतून तापतो आणि ती उष्णता बाहेर काढायला वाट मिळत नाही. वजन की स्थिरता की उष्णता, या भांडणात कुठे तडजोड करायची हे तुला कॉलेजच्या मायक्रोवेव्हच्या पेपरात कुणी विचारलेलं नसणार. तिथे रोज विचारतात.

आता हाच फिल्टर मोजायचा आहे. असं काम दिलेल्या एका मुलीचा किस्सा सांगते. फिल्टर टेम्परेचर चेंबरमध्ये, दोन केबली बाहेर नेटवर्क ॲनालायझरला, म्हणजे सिग्नल किती पार होतो ते मोजणाऱ्या यंत्राला. गरम टोकाला फिल्टरचा लॉस, म्हणजे वाटेत वाया जाणारा सिग्नल, ०.२ डेसिबलने वाढलेला दिसला. तिने आलेख काढला, कारणमीमांसा लिहिली, चांदीच्या मुलाम्याचा रोध वाढतो वगैरे, सगळं पुस्तकाबरहुकूम. रिव्ह्यूला तिला पहिलाच प्रश्न आला: केबलसुद्धा चेंबरमध्येच होती ना? कॅलिब्रेशन खोलीच्या तापमानाला केलं होतं, नंतर केबल तापली, तिचाही लॉस वाढला. वाढलेल्या ०.२ मध्ये फिल्टरचं किती आणि केबलचं किती? तिला सांगता येईना. मग फिल्टर काढून केबली थेट एकमेकींना जोडून त्याच तापमानांना पुन्हा मोजणं, दोन्ही आकडे वजा करणं, जोड किती आवळला त्याने काय फरक पडतो ते बघणं, यात दोन आठवडे गेले. ०.२ डेसिबल म्हणजे १०० वॅटमधले साडेचार वॅट. ते नुसते वाया जात नाहीत, तिथेच उष्णता होऊन बसतात. म्हणून तो आकडा कुणाचा हे माहीत असावं लागतं.

त्या मुलीच्या रिपोर्टमध्ये शेवटी एक साधा आलेख आला. कंपन्यांमध्ये असं शिकायला मिळत नाही असं नाही. वाहनांच्या किंवा वैद्यकीय उपकरणांच्या चांगल्या कंपन्यांत मिळतं. पण बाजारात माल लवकर आणायची घाई असते तिथे 'दिसतंय ना चालताना, मग पुढे चला' हे वाक्य जास्त ऐकू येतं. उपग्रहाच्या कामात ते कुणी म्हणालं तर लोक वळून बघतात.

वर हवाच नसते, हीही एक वेगळी शाळा. चेंबरमधल्या पंख्याने यंत्र थंड राहतं, वर ते सुख नाही. उष्णता फक्त धातूतून वाहून किंवा किरणांनी बाहेर जाणार. पृथ्वीजवळचा उपग्रह साधारण दीड तासात एक फेरी मारतो, दर फेरीत बहुतेकदा ऊन आणि सावली. म्हणून थर्मोव्हॅक, म्हणजे निर्वात पोकळीत तापवणं-गारठवणं. त्या चाचण्या रात्रंदिवस चालतात. पाळीत कुणीतरी चहाचा थर्मास घेऊन बसलेलं असतं आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने आकडे वहीत उतरवत असतं. ट्रेनीला तिथे बसायला मिळालं तर नाही म्हणू नकोस. कंटाळवाणं असतं, पण यंत्र बिघडण्याआधी कसं वागतं ते तिथे दिसतं.

ही चिकाटी कागदावरची नाही याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे निसार, इस्रो आणि नासाने मिळून केलेला, रडारने पृथ्वी न्याहाळणारा उपग्रह. त्याचा एस बँड रडार अहमदाबादला झाला, एल बँडचा नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत. दोन्ही कॅलिफोर्नियात एकत्र जोडून २०२३ मध्ये बंगळूरला आणले. २०२४ च्या सुरुवातीला उड्डाण व्हायचं होतं. पण त्याच्या अँटेनाचा १२ मीटर व्यासाचा रिफ्लेक्टर घडी घातलेल्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा जास्त तापू शकतो, असं चाचण्या आणि गणितातून पुढे आलं. तो रिफ्लेक्टर परत अमेरिकेला गेला, त्याच्यावर उष्णता कमी ठेवणारा खास थर चढवला, आणि उड्डाण झालं ते ३० जुलै २०२५ ला. एवढा मोठा दोन देशांचा प्रकल्प 'तापू शकतो' एवढ्यावर थांबतो. काहीही जळलेलं, तुटलेलं नव्हतं.

आणि हे आजचं नाही. १९६३ मध्ये आपली पहिली तुकडी नासाच्या गोडार्ड आणि वॉलॉप्स आयलंडला शिकायला गेली, त्यात अब्दुल कलाम होते, आर. अरवमुदन होते, आपले पुण्याचे प्रमोद काळे होते. तिथे त्यांना रॉकेट कसं बनवायचं हे कुणी शिकवलं नाही. उडालेल्या रॉकेटचा माग कसा ठेवायचा, टेलिमेट्री, म्हणजे रॉकेटने वरून पाठवलेले आकडे, कशी घ्यायची, उड्डाणाच्या आधी कुठल्या क्रमाने काय तपासायचं, सुरक्षेचं अंतर किती, हे शिकवलं. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं, तेही अमेरिकन बनावटीचं नाइके-अपाचे. परत येताना त्यांनी सोबत आणली ती कार्यपद्धती. तू ज्या केंद्रात जाणार आहेस त्याचे काळे पुढे संचालक झाले, आणि त्यांच्याआधी तुझ्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीसही. बाबांना हे सांगून बघ, कदाचित थोडा फरक पडेल. (पगाराचा मुद्दा तरीही उरतोच.)

थोडक्यात, इथवर तीन गोष्टी झाल्या. नोकरीसाठी जाऊ नकोस. घरची आर्थिक ओढाताण असेल तर जाऊ नकोस. मोजमाप आणि सिद्धता यांची शिस्त अंगी बाणवायची असेल तर जा, पण प्रोजेक्ट तसा असेल तरच.

या शेवटच्या 'तरच'साठी आजच गाइडला मेल कर. संकोच करू नकोस, आम्हाला असे मेल आवडतात, कारण न विचारता येणारी मुलं पहिला महिना चाचपडण्यात घालवतात. विचार की प्रश्न एका वाक्यात काय आहे. 'सॅटेलाइट कम्युनिकेशनचा अभ्यास' असं उत्तर आलं तर सावध हो. 'अमुक बँडच्या फिल्टरचा तापमानानुसार होणारा सरकाव मोजून मॉडेलशी ताडणे' असं आलं तर बॅग भर. काम हार्डवेअरवर आहे, सिम्युलेशनवर, की उपग्रहाच्या डेटावर, तेही विचार. तिन्ही चालतील. फक्त सिम्युलेशन असेल तर ते कशाशी ताडून बघायचं, मोजलेले आकडे मिळणार का, हे नक्की विचार. ज्या सिम्युलेशनला मोजमापाचा आधार नाही ते सांगलीत बसूनही करता येतं. आणि रोज ज्यांच्याशी बोलायचं ते कोण, हेही कळव म्हणावं. गाइडचं नाव मोठं आणि ते सतत दौऱ्यावर, यापेक्षा शेजारच्या टेबलावरचा तरुण इंजिनिअर ट्रेनीला जास्त शिकवून जातो.

कालावधीबद्दल. बी.ई.च्या मुलांना किमान ४५ दिवसांचा प्रोजेक्टही घेता येतो. मी पूर्ण सेमिस्टरच्या बाजूची आहे. दीड महिन्यात बेंचवरची उपकरणं ओळखीची होतात, आणि नेमकं तेव्हा जायची वेळ येते.

जानेवारीपर्यंत काय तयारी करायची? डेसिबलचे हिशोब तोंडी यायला हवेत. ३ डेसिबल म्हणजे निम्मं, हे विचार न करता सुटलं पाहिजे. एस पॅरामीटर, म्हणजे किती सिग्नल परत फिरतो आणि किती पार होतो त्याचे आकडे, पुन्हा वाच. पायथॉनमध्ये फाइल वाचून आलेख काढता यावा, अक्षांवर एकक लिहिलेलं असावं. एककाशिवाय आलेख घेऊन आलेल्या मुलांना मी परत पाठवायची. कॉलेजात किंवा मित्राकडे नॅनोव्हीएनए नावाचा छोटा स्वस्त नेटवर्क ॲनालायझर मिळाला तर एक केबल मोज, मग ती केस वाळवायच्या ड्रायरने तापव आणि पुन्हा मोज. वर सांगितलेला किस्सा तुझ्यासमोर घडेल. तुझं काम डेटावर असेल तर केंद्राचीच मॉसडॅक आणि वेदास ही संकेतस्थळं आत्तापासून चाळ. हवामान, समुद्र, जमीन यांची भरपूर माहिती तिथे आहे. जाणं रद्द झालं तरी हे वाया जात नाही. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन कोर्सही विनामूल्य असतात, तो पर्याय लक्षात ठेव.

रोजच्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. फाटकावर सीआयएसएफची तपासणी, पास, फोन आणि पेनड्राइव्ह आत नाही. पहिले दोन दिवस हात मोकळे-मोकळे वाटतात, मग बरं वाटायला लागतं. परिसर दोन आहेत, एक जोधपूर टेकऱ्याला, दुसरा बोपळला. कुठल्या परिसरात बसायचं ते आधी विचारूनच खोली घे, नाहीतर रोजचे दोन तास रस्त्यात जातील. शहराच्या त्या भागाला 'सॅटेलाइट' असंच नाव आहे, मुलींचे पीजी तिथे आणि वस्त्रापूरला भरपूर. डाळीत गूळ असतो, आठवड्यात सवय होते. १४ जानेवारीला उत्तरायण, अख्खं शहर गच्चीवर असतं, त्या दिवशी कुणाला मेल पाठवून उत्तराची वाट बघू नकोस. एप्रिल-मेचं ऊन मात्र सांगलीच्या उन्हासारखं समजू नकोस.

एक शेवटची व्यवहाराची गोष्ट, जी बहुतेक मुलं विसरतात. तिथे केलेल्या कामाचा रिपोर्ट तू थेट कॉलेजला देऊ शकत नाहीस. आधी गाइड वाचतात, मग विभागात तपासला जातो, कुठली आकृती बाहेर जाऊ शकते आणि कुठली नाही ते ठरतं. कधी एखादा आलेख काढावा लागतो, कधी आकड्यांऐवजी प्रमाण लिहावं लागतं. याला वेळ लागतो आणि तो तुझ्या हातात नसतो. म्हणून कॉलेजच्या एनओसीवर सही घ्यायला जाशील तेव्हाच विभागप्रमुखांना सबमिशनची आणि वायव्हाची तारीख विचारून घे, ती गाइडला पहिल्याच आठवड्यात कळव, आणि रिपोर्टचा पहिला खर्डा त्या तारखेच्या महिनाभर आधी त्यांच्या टेबलावर ठेव. रोजची वही तिथेच जमा करावी लागली तर कुरकुर करू नकोस, पण रिपोर्टमध्ये काय हवंय ते वहीतून वेळेवर उतरवून तपासायला दे. मेलचं उत्तर आलं की काय प्रश्न दिलाय ते इथे लिही, मी बघेन.